घर बंद आढळले

वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर मतदारांची नवी यादी लागली की ताई हाताची खळ धुऊन, चष्मा पुसून ती बघायला जायच्या. आपलं नाव आहे हे त्यांना ठाऊक असायचं, तरी जायच्या. घराला लावलेलं कुलूप माणूस निघताना उगाच एकदा ओढून बघतो, तसं. यंदा त्यांनी कुलूप ओढलं आणि ते हातात आलं.

गल्लीचं पान होतं, घर क्रमांक होता, त्यांचं नावही होतं. नावावरून एक सरळ रेघ गेली होती आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘स्थलांतरित’. जवळजवळ पन्नास वर्षं एकाच दुकानात वह्या शिवत बसलेली बाई कुठे गेली म्हणे, तर निघून गेली. ताईंनी खाली बोट नेलं. घड्याळवाला आणि त्याची बायको, स्थलांतरित. चष्मेवाला, स्थलांतरित. गाणं शिकवणारे मास्तर, ज्यांना दिसत नाही आणि जे गेल्या सहा वर्षांत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही गेले नव्हते, तेसुद्धा बिऱ्हाड उचलून गेले होते. गल्लीची डावी बाजू अख्खी पुसली गेली होती. ताईंनी मोजली, अडतीस नावं. मतदान एकोणीस दिवसांवर आलेलं.

खिडकीवरच्या माणसाने बरीच कुरकुर करून पाहणीच्या अहवालाची नक्कल दिली. त्यात तीन भेटींच्या तीन तारखा आणि वेळा होत्या आणि तिन्ही वेळा ‘घर बंद आढळले’. शेजारी चौकशी केली असता कुटुंब अन्यत्र गेल्याचे समजले, असंही होतं. ताईंचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. सकाळी आठ ते रात्री आठ त्या दाराला कडी माहीत नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी कोणीतरी टेबलावर बसून गल्ली फिरून घेतली होती. तीन वेगवेगळ्या दिवशी केलेली नोंद, पण शाई एक, अक्षराचा कल एक, दाबही एक. जन्मभर लोकांच्या वह्या हाताळलेल्या बाईला हे कळायला वेळ लागला नाही.

खाली दोन सह्या होत्या. पहिली पाहणी करणाऱ्याची. दुसरी तपासणी करणाऱ्याची, आणि ती बघून ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हाताला पेन्सिल कशी धरायची हे त्यांनीच शिकवलं होतं. ती त्यांच्या धाकट्या भावाची सही होती.

भाऊ वॉर्ड ऑफिसात निरीक्षक. नोकरीची दोन वर्षं उरलेली. गल्लीने त्याला नाव ठेवलं होतं नियमबुवा, आणि ते त्याला माहीत होतं, आवडतही होतं. आईवडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा आणि ताई अठराच्या. त्यांनी दाभण हातात घेतली ती त्याचं शिक्षण संपेपर्यंत खाली ठेवली नाही. तो नोकरीला लागला त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, “खुर्चीचा उपयोग आपल्या घरासाठी करायचा नाही. आपला कागद समोर आला तर डोळे मिटायचे.” भावाने ते इतकं मनावर घेतलं, की ताईंच्या दारातलं गटार तुंबलं तेव्हा सात महिने तुंबूनच राहिलं. तक्रार ताईंच्या नावावर होती आणि निरीक्षकसाहेब त्या फायलीला हात लावायला तयार नव्हते. गल्ली हसली. ताईंना मात्र नाक दाबून चालतानाही त्याचा अभिमान वाटायचा.

त्या दिवशी संध्याकाळी त्या भावाच्या घरी गेल्या तेव्हा अभिमानाचा पत्ता नव्हता.

“मी कुठे गेले रे?” त्यांनी दारातच विचारलं.

भावाने नक्कल घेतली, वाचली, चष्मा काढला. “चूक झालेली दिसते,” तो म्हणाला. “होतं असं. हा अर्ज भर, नवीन नोंदणीचा. मी खिडकीपर्यंतसुद्धा येणार नाही, पण कसा भरायचा ते सांगतो.”

ताईंनी अर्ज वाचला. त्यात एक ओळ होती, ‘माझे नाव यापूर्वी या यादीत नव्हते.’ त्याखाली अर्जदाराची सही. आणि तळाशी, नाव पुढच्या दुरुस्तीत येईल.

“म्हणजे हे मतदान गेलं.”

“हे गेलं. पुढचं मिळेल.”

“आणि मी लिहून द्यायचं, की मी इथे नव्हतेच. खोटं त्यांनी लिहिलं आणि त्याच्यावर सही मी करायची?”

“ताई, एवढं अंगाला लावून घेऊ नकोस. तो छापील नमुना आहे. तुझ्याविरुद्ध मुद्दाम कोणी छापला नाही.”

“मुद्दाम छापला असता तरी बरं होतं. निदान मी कोण आहे ते त्यांना माहीत असतं.”

वहिनीने चहा आणून ठेवला आणि दोघांकडे बघून ती आतल्या दारात जाऊन उभी राहिली. हा वाद तिला नवा नव्हता. बहीण म्हणायची, सरकारने रस्ता करावा, पाणी सोडावं आणि माणसाच्या दारातून मागे व्हावं. भाऊ म्हणायचा, सरकार मागे झालं की दारात पहिला कोण येतो ते एकदा बघ.

“तुझ्या शेजारच्या छापखान्यात,” भाऊ आजही तिथेच आला, “कागद कापायच्या मशीनला जाळी नव्हती. मालक म्हणायचा, माझी मशीन, माझी मर्जी. दोघांची बोटं गेली. जाळी कोणी बसवायला लावली? सरकारने. माझ्यासारखाच एक जण नियमाचा कागद घेऊन गेला होता.”

“लावली, ते चांगलंच केलं. पण मशीनमध्ये बोट गेलं तर रक्त तरी दिसतं. तुमच्या कागदात अख्खा माणूस जातो आणि तुम्ही म्हणता, होतं असं.” ताईंचा आवाज चढला. “मत म्हणजे सरकारने मला दिलेलं बक्षीस नाही. वर्षानुवर्षं तुम्ही आम्हाला काय काय सांगता, हे भरा, ते दाखवा, इथे उभे राहा. आमच्या हातात लगाम काय तो एवढाच, तोही पाच वर्षांतून एक दिवस. तो काढून घेताना तुम्ही दारसुद्धा वाजवलं नाही.”

“हक्क तुझाच आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण हक्कालाही कागद लागतो. कागद नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचा हक्क. तुला चालेल ते?”

ताईंना ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला. त्यांनी नक्कल पुन्हा पुढे केली आणि तिसऱ्या भेटीवर बोट ठेवलं. “रविवार, सकाळी साडेअकरा. वहिनीचा वाढदिवस होता. तुम्ही सगळे कुठे होतात?”

भावाने हातातला चष्मा पुसायला घेतला.

“माझ्या उंबऱ्यावर कोण बसलं होतं पेपर वाचत?”

“तुम्हीच बसला होतात,” आतल्या दारातून वहिनी नवऱ्याला म्हणाली. “मी दोनदा म्हटलं, आत या, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट नाही.”

भावाने चष्मा पुन्हा लावला, तारीख पुन्हा वाचली. मग हळू म्हणाला, “गुरुवारी सुनावणी आहे. आक्षेप घे. पण साक्षीदार लागेल, आणि तो याच वॉर्डाच्या यादीतला लागेल. नातेवाइकाची साक्ष धरत नाहीत.”

“गल्लीत माझ्या दाराकडे बघणारे सगळे यादीतून उडालेत. समोर तर गोदामाची भिंत आहे. म्हणजे गेलेल्याने गेलेल्याची साक्ष द्यायची नाही, आणि जो होता तो भाऊ आहे म्हणून त्याची चालायची नाही. छान आहे. सही करताना तू हा कागद वाचलास तरी का?”

“ऑफिसचं घरी नको, ताई.”

“माझं नाव ऑफिसात नाही, म्हणून घरी विचारते आहे,” ताई म्हणाल्या आणि चहाला हात न लावता निघाल्या. रस्ताभर त्यांचा राग निवला नाही. चूक करणाऱ्याचा त्यांना राग होताच, पण जो चूक बघून नियम सांगतो त्याचा जास्त होता, आणि तसा माणूस त्यांनी स्वतःच्या हाताने वाढवला होता.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मधोमध सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम, त्यांच्या एका बाजूला पाहणी करणारा, दुसऱ्या बाजूला भाऊ. समोर एकच खुर्ची, तिचा एक पाय आखूड. ताई उभ्याच राहिल्या.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी कागद वाचला, ताईंचं म्हणणं पूर्ण ऐकलं, मध्ये तोडलं नाही. मग पाहणी करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “तीनदा गेलो, मॅडम. बंद होतं. नमुन्याप्रमाणे लिहिलं आहे.” इतक्या सहज म्हणाला, की क्षणभर ताईंनाच वाटलं, खरंच त्या दिवशी दार लावलं होतं की काय.

“याच्याविरुद्ध साक्ष?” मॅडमनी विचारलं.

“माझा भाऊ उंबऱ्यावर बसला होता. तुमच्याच शेजारी बसलाय.”

“नातेवाईक,” मॅडम म्हणाल्या आणि ते बाजूला ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “हे बघा, ताई. तुमच्या भावाची इतक्या वर्षांची नोकरी आहे, एक डाग नाही. त्यांच्या घरच्या माणसाला हेलपाटे नकोत. तुमचं एक नाव मी माझ्या अधिकारात आज घालते. या मतदानाला तुम्ही याल. झालं?”

ताईंना मोह झाला. का होऊ नये? याच एका गोष्टीसाठी त्या चार दिवस धड जेवल्या नव्हत्या. हो म्हटलं की नाव परत, दुकानाचं काम परत, भावाशी बोलणं परत. त्यांनी टेबलावरची नक्कल उचलली, घडी केली आणि पुन्हा उघडली.

“बाकीचे सदतीस?”

“त्यांनी स्वतंत्र आक्षेप घ्यावेत. आजची मुदत आहे, पाच वाजेपर्यंत.”

“मास्तरांना दिसत नाही. त्यांना यादी लागल्याचंसुद्धा माहीत नाही. त्यांचा भाऊ इथे नोकरीला नाही, म्हणून त्यांनी गेलेलंच राहायचं?” ताईंनी नक्कल टेबलावर ठेवली. “मला मेहेरबानी नको, मॅडम. माझं नाव चुकून उडालं नाही, खोटं लिहून उडवलंय. तसं लिहा आणि मग घाला. नाहीतर राहू दे.”

“तसं लिहायला पुरावा लागतो.”

तेवढ्यात भाऊ उठला. टेबलाला वळसा घालून तो ताईंच्या बाजूला येऊन उभा राहिला. ताईंकडे त्याने बघितलं नाही.

“मॅडम, मला नोंद करायची आहे. भाऊ म्हणून नाही. तपासणीची सही माझी आहे, तिच्याबद्दल.”

“बोला.”

“या वर्षी माझ्याकडे चारशे बारा पानं आली. चारशे अकरा मी ओळ न् ओळ वाचली. तीन भेटींची अक्षरं सारखी दिसली तर पान परत पाठवलं, अशी सव्वीस पाठवली. हे एक वाचलं नाही.”

“का?”

“त्याच्यावर माझ्या बहिणीचं नाव होतं. आपल्या माणसाच्या कागदाकडे बघायचं नाही, असं मी नोकरीभर पाळलं. हे पान दुसऱ्या निरीक्षकाकडे द्यायला हवं होतं. वेळ थोडा होता. मी वर कागद झाकला आणि खाली सही केली.”

डोळे मिटायचे, हे ताईंचेच शब्द होते. चारशे अकरा गल्ल्यांवर या माणसाचे डोळे होते, आणि ज्या एका गल्लीवर ते नव्हते ती त्यांची निघाली. कारण त्यांनीच ते मिटायला शिकवलं होतं.

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग निकाल वाचला. तपासणी न करता सही झाल्याने ते पान रद्द. अडतीसच्या अडतीस नावं परत, फक्त मतदानाआधी घरोघर फेरपाहणी व्हावी. सही करणाऱ्या निरीक्षकांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर करण्यात येत आहे. पाहणी करणाऱ्याचा अहवाल नमुन्याप्रमाणे पूर्ण आहे, त्याविरुद्ध ग्राह्य साक्ष नाही, सबब त्यांच्यावर ठपका नाही.

पाहणी करणाऱ्याने आपलं पेन खिशाला लावलं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” बाहेर जिन्यावर आल्यावर ताई म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. “ज्याने खोटं लिहिलं तो स्वच्छ, आणि ज्याने खरं सांगितलं तो घरी. हेच का तुझं सरकार? याच्यासाठी जन्म घालवलास?”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? आयुष्यभर हळूच बोलले. तू अजूनही म्हणशील नियम बरोबर आहे.”

“म्हणेन,” भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज नेहमीचा होता. “मी वाचलं नाही, ते खरं आहे ना? मग शिक्षा बरोबर आहे. नियम नसता तर काय झालं असतं, ताई? आपली म्हणून तुझं नाव आज गुपचूप आत गेलं असतं. मास्तरांचं गेलं नसतं. ती मॅडम मनाने चांगली होती म्हणून तुला एकटीला नाव देत होती. नुसत्या चांगल्या मनाचं राज्य असंच असतं, ओळखीपुरतं.”

“आणि तो? पेन खिशाला लावून गेला तो?”

भावाने जिन्याचा कठडा धरला आणि एकेक पायरी बघून उतरू लागला. ताईंना त्याला बोलायचं होतं, अजून खूप बोलायचं होतं, पण सात वर्षांचा असताना तो शाळेतून मार खाऊन आला की असाच पायऱ्या बघत यायचा. त्यांनी त्याची पिशवी आपल्या हातात घेतली. राग जिथल्या तिथे होता, पण तो या माणसावर काढायचा नव्हता.

सोमवारी सकाळी नऊ वाजता दुकानाच्या दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं. ताई वहीच्या पाठीला खळ लावत होत्या. त्यांनी मान वर केली तर समोर तोच, पाहणी करणारा, काखेत फाइल. विभाग त्याचा, म्हणून फेरपाहणीही त्याचीच.

“या,” ताई म्हणाल्या. “ही चौथी भेट ना?”

त्याने न ऐकल्यासारखं केलं. “नाव सांगा.”

“तीनदा येऊन गेलात, नाव विचारता? शेजारी चौकशी केलीत तेव्हा कोणी सांगितलं नाही?”

“बाई, मला माझं काम करू द्या.”

“तेच करून घ्यायला बसले आहे.”

त्यांनी नाव सांगितलं. त्याने लिहिलं. सही करायच्या आधी ताईंनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, तारीख वाचली, वेळ वाचली. त्याने नऊ वाजले लिहिलं होतं. दुकानातल्या घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. “सात मिनिटं घाला,” त्या म्हणाल्या. त्याने घातली. मग त्यांनी हात धुतले, शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर रस्त्यावर उतरल्या.

“तुम्ही कुठे?”

“तुमच्याबरोबर. सदतीस नावं राहिली आहेत.”

“असं चालत नाही. असा नियम नाही.”

“येऊ नये असाही नियम नाही. माझ्या भावाला विचारून घेतलंय. तो घरीच असतो हल्ली.”

त्याने फाइल काखेत मारली आणि तो पुढे निघाला. दोघं घड्याळवाल्याकडे गेले, चष्मेवाल्याकडे गेले. ताई प्रत्येक दारात त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि तो लिहील ते मोठ्याने वाचत गेल्या. गल्लीतले लोक खिडक्यांत आले. कोणी काही विचारलं की ताई सांगायच्या, पाहणी चालू आहे, बघून घ्या, आपलीच आहे.

मास्तरांचं घर शेवटी होतं. त्याने दार वाजवलं. आतून काही आवाज नाही. पुन्हा वाजवलं. मग त्याने फाइल गुडघ्यावर टेकवली आणि पेन उघडलं.

“थांबा,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या कागदावर हात ठेवला. “त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.”

दोघं उभे राहिले. त्याने दोनदा घड्याळात बघितलं. ताईंनी हात काढला नाही. बऱ्याच वेळाने आत काठी भिंतीला लागत लागत येऊ लागली, कडी चाचपली गेली आणि दार उघडलं.

“कोण?” मास्तरांनी विचारलं.

तो ताईंकडे बघू लागला.

“सांगा ना,” ताई म्हणाल्या.

“वॉर्ड ऑफिसातून,” तो म्हणाला. “मतदार यादीच्या पाहणीला.”

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि काठी एका बाजूला घेतली. “या, या. बसा ना. इतक्या वर्षांत ऑफिसातून आमच्याकडे आलेले तुम्ही पहिलेच.”

“हेही लिहून घ्या,” ताई म्हणाल्या.